माळ्यावर सापडलेला समुद्र: शाई-पेन्सिलचं एक चिमुकलं रेखाटन

उत्तरकसबा | ३ मे, दुपारी २.१५

सोलापुरात सध्या दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून आजीच्या घरचा माळा आवरायला घेतला. (पंखा खाली, आम्ही वर. काय शिजलो ते विचारू नका.) तिथे विठोबाची जुनी तसबीर निघाली. काच तडकलेली, मागची फळी वाळवीने पोखरलेली. फळी उचलली तर विठोबाच्या पाठीशी आणखी एक कागद.

फोटो जोडते आहे. आकार १५ बाय १० सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडासाच मोठा. मधोमध पाण्यात एक किल्ला, तपकिरी शाईने काढलेला. पुढे खडक, तेही शाईत, पण फार घाईने, नुसत्या वळवळणाऱ्या रेषा. एका कडेला जमिनीची सोंड पाण्यात घुसलेली. तीन होड्या, दोन शाईत, तिसरी फक्त पेन्सिलची. आभाळात पेन्सिलीच्या चार रेघा, बस्स. क्षितिज एका दमात ओढलंय, किल्ल्यापाशी थांबतं आणि पलीकडून पुन्हा सुरू होतं. मात्र पलीकडे ते केसभर खाली घसरलंय. किल्ल्याची आपल्याकडची भिंत जवळजवळ कोरीच आहे.

सगळ्या चित्रावर पेन्सिलीचे फिकट चौकोन आहेत. जागोजागी अक्षरं: पे., नी., गे., का. आणि किल्ल्यावर एकाच ठिकाणी मा. खालच्या कोपऱ्यात 'माघ व. ४'. सही नाही, साल नाही.

आजीने बघितल्या बघितल्या सांगितलं, 'हे आमच्या दादांचं.' दादा म्हणजे तिचे वडील, माझे पणजोबा. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि निसर्गचित्रं काढायचे. आजी आता ८९ वर्षांची आहे. आठवण तिच्या मर्जीने येते, आपल्या मर्जीने नाही.

ही जागा कुठली असेल? चित्र अर्धवट सोडलंय का? अक्षरांचा काही अर्थ लागतो का? आणि मुख्य म्हणजे आता हा कागद ठेवायचा कसा?

---

शेंगाचटणी | ३ मे, दुपारी २.४०

आमच्याकडे नळाला पाणी यायची वाट बघत माणसं रात्र जागवतात आणि तुमच्या माळ्यावर अख्खा समुद्र! लई भारी.

पे. म्हणजे पेढा. बाकीचं जाणकार सांगतील.

---

निबमोडकी | ३ मे, दुपारी ४.०५

उत्तरकसबाताई, 'अर्धवट' हा शब्द तेवढा मागे घ्या. मी तीस वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. सगळ्यात अवघड काय शिकवायचं असेल तर कुठे थांबायचं ते. मुलं आभाळ भरत बसतात. तुमच्या पणजोबांनी जिथे शाई घातली नाही ती जागा आधी बघा. आभाळ पेन्सिलीत, तिसरी होडी पेन्सिलीत. होडी हलते, ढग सरकतो. किल्ला आणि खडक कुठे जात नाहीत. जे टिकणार ते शाईत, जे जाणार ते पेन्सिलीत, असं वाटलं मला.

जागेवर पेन्सिल आणि नंतर शाई ही चाल जुनीच आहे. एडवर्ड लिअर नावाचा इंग्रज निसर्गचित्रकार (विनोदी कवितांमुळे जास्त माहीत असलेला) नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईत उतरला आणि वर्षभराहून अधिक काळ हिंदुस्थानात फिरला. समोर बसून पेन्सिलीत भराभर काढायचं, कुठे कुठला रंग ते चित्रावरच लिहायचं, तारीख टाकायची आणि पुढे सवडीने त्याच रेषांवरून शाई फिरवायची, ही त्याची पद्धत. खडकांना इंग्रजीत जे म्हणतात त्याचं स्पेलिंग मुद्दाम गमतीशीर चुकवून खडकांवरच लिहून ठेवायचा. तुमची अक्षरं त्याच जातीची असावीत असा मला दाट संशय आहे.

जाता जाता: आपण अजून 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसं कधीच नव्हतं. इंग्लंडात बॉरोडेलला सोळाव्या शतकात ग्राफाइट सापडलं तेव्हा लोकांना ते शिसंच वाटलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. १७९५ मध्ये कोंते या फ्रेंच माणसाने ग्राफाइटच्या भुकटीत माती कालवून भाजली. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक. तुमच्या चौकोनांच्या रेघा इतक्या फिकट आणि बारीक आहेत की त्या कडक पेन्सिलीच्या असणार. आभाळ मात्र मऊ पेन्सिलीचं दिसतंय. म्हणजे दोन पेन्सिली.

---

जुने_जाणते | ३ मे, सायंकाळी ६.३०

छान ठेवा आहे. माझा सल्ला: ओल्या कापसाने हलकेच पुसून घ्या, धूळ निघून रेषा उठून दिसतील. मग चौकातल्या कुठल्याही दुकानात लॅमिनेट करून घ्या. पन्नास वर्षं काळजी नाही. आमच्या सगळ्या मार्कशीट मी अशाच ठेवल्या आहेत.

---

कागदीलिंबू | ३ मे, सायंकाळी ६.४२

नको!! ताई, काहीही करू नका. आधी हे वाचा.

जुने_जाणते, राग मानू नका, पण ओला कापूस आणि लॅमिनेशन, दोन्ही एका दमात म्हणजे कागदाचा तेराव्याचा स्वयंपाकच. मी जुन्या कागदपत्रांच्या दुरुस्तीचं काम करते. लॅमिनेशनमध्ये कागद तापतो, गोंद धाग्याधाग्यात शिरतो आणि मग तो सोडवता येत नाही. मार्कशीटची दुसरी प्रत मिळते. याची कुठून आणणार?

आता शाईबद्दल. फोटोत जिथे रेष जाड आहे तिथे कडेने पिवळसर छटा पसरलेली दिसते. कागद उलटा करून बघा, त्याच रेषा पाठीमागे तपकिरी उमटल्या आहेत का? तसं असेल तर ही हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची शाई. हिरडा किंवा मायफळासारख्या तुरट पदार्थाचा काढा आणि हिराकस यांची ही शाई लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी पडते आणि वर्षांनुवर्षांनी तपकिरी होते. दौतीतली निळी-काळी शाईसुद्धा याच कुळातली. ती आंबट असते, हळूहळू कागद खाते, आणि दमट हवेत तर जास्तच वेगाने. म्हणून पाणी अजिबात नको. काजळाची शाई असती तर काळीच राहिली असती, काजळ उडत नाही.

सोलापूरची कोरडी हवा इथे तुमच्या बाजूची आहे. हाच कागद कोकणात राहिला असता तर बुरशीचे तांबूस ठिपके याच्या दुप्पट असते.

---

जुने_जाणते | ३ मे, सायंकाळी ७.१०

बरं बाई. मार्कशीटचं मात्र मी बरोबर केलं.

---

उत्तरकसबा | ३ मे, रात्री ८.२०

कागदीलिंबू, पाठीमागे उमटल्यात! खडकांच्या रेषा सगळ्यात जास्त. क्षितिज अजिबात नाही. कापूस हातात घेतलाच होता, देवानेच वाचवलं.

---

दर्यावर्दी | ४ मे, सकाळी ७.५०

जागा सांगू? हर्णै. पाण्यातला तो सुवर्णदुर्ग आणि कडेची सोंड म्हणजे कनकदुर्ग. मी दापोलीचा, अर्धं आयुष्य हे बघण्यात गेलंय. जंजिरा म्हणाल तर त्याचे बुरूज एकाला एक लागून येतात, सिंधुदुर्ग बराच पसरट. इथे तटाच्या खाली खडकाची पायरी दिसते ना, ती ओळखीची.

(इतिहासाची आवड असलेल्यांसाठी: १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. त्याच्या मागे त्याच्या बायकोने लंडनमध्ये एका टेकडीवर स्मारक म्हणून मनोरा बांधला, १७८४ मध्ये. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग'. आपल्या सुवर्णदुर्गाचंच ते झालेलं नाव. मनोरा अजून उभा आहे.)

आता गंमत. 'माघ व. ४' वरून चित्राची वेळही काढता येते. आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा हे गणित करतात: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, म्हणजे चाराचे पाऊणपट तीन. भरती तीनच्या सुमारास. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. म्हणजे पूर्ण सुकती सकाळी पावणेनऊ-नऊला. तुमच्या चित्रात खडक चांगले उघडे पडलेत, तेव्हा सुकतीच आहे. दुसरी सुकती रात्री नऊनंतर, तेव्हा काय डोंबल दिसणार?

आणि ती कोरी भिंत. समुद्र आपल्या पश्चिमेला. सकाळी नऊला ऊन काढणाऱ्याच्या पाठीमागून येतं आणि किल्ल्याची किनाऱ्याकडची बाजू लख्ख उजळते. दुपारनंतर हाच किल्ला नुसता काळा ठोकळा दिसतो. भिंत कोरी सोडली कारण तिच्यावर ऊन होतं.

---

निबमोडकी | ४ मे, सकाळी ९.१५

दर्यावर्दी, दंडवत घ्या. मी काल ती भिंत बघून 'घाई झाली असेल' असं मनात म्हटलं होतं. तीस वर्षांची मास्तरकी पाण्यात गेली, तीही ओहोटीच्या.

---

शेंगाचटणी | ४ मे, सकाळी ९.३०

म्हणजे नऊ वाजता चित्र काढून मास्तर दहाला मासळी खायला मोकळे. हुशार माणूस.

---

धोटा | ४ मे, रात्री १०.३५

सगळे शाईवर बोलताय, चौकोनांवर कोणीच नाही. मी चादरीच्या डिझाइनमधला माणूस, माझी नजर तिथेच अडकली.

आमच्याकडे काय होतं सांगतो. आधी साध्या कागदावर फूल किंवा मोर काढायचा. मग तो ग्राफच्या कागदावर घ्यायचा. एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा जिथे एकमेकांवर येतात ती एक जागा. चौकोन बघून कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डं जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उचलणाऱ्या यंत्रावर, चढवायची. छोट्याचं मोठं करायचं तर चौकोनाशिवाय गत्यंतर नाही. भिंतीवर चित्र काढणारा पेंटरसुद्धा हेच करतो.

म्हणजे तुमच्या पणजोबांना हे चित्र मोठं करायचं होतं. किती मोठं, ते चौकोनाच्या मापावरून कळेल. तुम्ही सेंटिमीटर सांगितलं, पण त्या काळचे मास्तर इंचात मोजायचे. १५ बाय १० म्हणजे ६ बाय ४ इंच की!

ताई, एक काम करा. ओळखीत कोणी चादर-टॉवेलवालं असेल तर त्यांच्याकडून धागे मोजायचं घडीचं भिंग मागून आणा. पितळी, एका इंचाची चौकट असलेलं. कागदावर ठेवून दोन गोष्टी बघा. एका इंचात किती चौकोन? आणि चौकोनाची रेघ शाईच्या खालून गेलीय की वरून? दिवा तिरका धरा. ग्राफाइट चमकतं. शाईवर चमक दिसली तर रेघ वरून आहे.

---

उत्तरकसबा | ५ मे, दुपारी १.००

धोटाभाऊ, शेजारच्या काकांकडे भिंग होतं! त्यांनी आधी स्वतःच पंधरा मिनिटं बघितलं, मग मला दिलं.

एका इंचात बरोबर दोन चौकोन. आडवे बारा, उभे आठ. आणि मोबाइलचा टॉर्च कडेने धरला तर तपकिरी रेषेवर चांदीचा धागा ठेवावा तशी रेघ चमकते. म्हणजे चौकोन शाईच्या वर!

चौकटीच्या बाहेर, कडेला, भिंगाशिवाय दिसलं नसतं असं लिहिलंय: '१ = २ फू.'

आणखी एक. क्षितिज जिथे पलीकडे घसरलंय तिथे पेन्सिलीचा इवलासा बाण आहे, वर जाणारा.

---

धोटा | ५ मे, दुपारी १.२०

घ्या! बारा चौकोन दोन फुटांनी २४. आठ चौकोन, १६. चोवीस बाय सोळा फूट. हे भिंतीवरचं चित्र नाही हो, नाटकाचा पडदा आहे हा.

आणि क्रम बघा. आधी पेन्सिल, तिच्यावर शाई, मग पुन्हा पेन्सिल. समुद्रावर बसला तेव्हा तो चित्रकार होता. चौकोन पाडताना पडदेवाला झाला. त्या बाणाला तर मी सलामच करतो. कागदावरची केसभर चूक पडद्यावर अठ्ठेचाळीस पट होते आणि मागच्या रांगेतल्यालाही समुद्र तिरका दिसतो. आमच्यात हीच चूक ग्राफवर राहिली तर प्रत्येक चादरीत येते, मग मालक मजुरीतून कापतो. (मला एकदा कापली होती. मोराचा पाय.)

---

जुने_जाणते | ५ मे, दुपारी ३.४५

पडद्याचं नाव निघालं म्हणून पुन्हा तोंड उघडतो. लॅमिनेशनवरून ओरडा खाल्ला, पण हे मला माहीत आहे. माझे मामा नाटक कंपनीचे पडदे रंगवायला मदतनीस होते. लहानपणी मी सरस ढवळायला जायचो. वास अजून नाकात आहे. पडद्याचे रंग पुडीत यायचे, ते भिजवून गरम सरसात कालवायचे. सरस कमी पडला तर रंग खडूसारखा झडतो, जास्त झाला तर गुंडाळताना पडदा तडकतो.

पे. म्हणजे पेवडी, पिवळा रंग. नी. म्हणजे नीळ. गे. गेरू आणि का. काजळ. ताई, पे. वाळूवर असेल आणि नी. आभाळात, बघा बरं. मा. नावाचा रंग मात्र मी ऐकलेला नाही.

---

निबमोडकी | ५ मे, दुपारी ४.१०

जुने_जाणते, हा प्रतिसाद म्हणजे सोनं आहे. शेंगाचटणी, तुमचा पेढा परत घ्या.

---

उत्तरकसबा | ५ मे, रात्री ९.००

पे. वाळूवर आणि किल्ल्याच्या उन्हातल्या भिंतीवर. नी. दोनदा, एक आभाळात आणि एक पाण्यात; पाण्यातल्या नी.खाली रेघ. गे. सोंडेवर. का. दोन्ही होड्यांवर. पेन्सिलीच्या होडीवर काहीच नाही, म्हणजे ती पडद्यावर गेलीच नसावी.

आजीला 'पडदा' एवढंच म्हटलं. ती भाकरी मोडत होती, थांबली. म्हणाली, शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर कापड अंथरलेलं असायचं आणि दादा लांब दांडीला ब्रश बांधून उभ्याने रंगवायचे. ही पाच-सहा वर्षांची, डबा घेऊन जायची. एकदा पलीकडे उभ्या असलेल्या दादांकडे सरळ चालत निघाली तर केवढ्यांदा ओरडले, 'समुद्रावर पाय देऊ नकोस!' निळे तळवे दोन दिवस निघाले नव्हते म्हणे. पडद्याचं पुढे काय झालं ते तिला माहीत नाही.

खरा समुद्र तिने पुढे लग्नानंतर बघितला. 'दादांचा जास्त निळा होता,' म्हणाली.

---

कागदीलिंबू | ५ मे, रात्री ९.३५

नी.खालची रेघ म्हणजे 'जास्त घाला' असणार!

आता ठेवण्याबद्दल, कारण ते मागे पडलंय. सध्या कागद दोन कोऱ्या, आम्लमुक्त कागदांमध्ये सपाट ठेवा. वर्तमानपत्रात नको, प्लायवूडला टेकवून नको. फ्रेम करायची तर आम्लमुक्त माउंट घ्या, काच कागदाला चिकटता कामा नये. सेलोटेप चुकूनही नको, तिचा गोंद पिवळा पडून आत उतरतो. मागून जपानी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावायच्या. वेळ आली तर त्या ओलसर करून सोडवता येतात, पण ते काम माहितगारालाच करू द्या. खळ म्हटल्यावर सोलापूरकरांना समजवायला नको, मात्र विणण्याआधी सुताला देतात ती खळ नव्हे, आणि तिच्यात मोरचूद तर मुळीच नको.

पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, मे महिन्यात ती भिंत तव्यासारखी तापते. संग्रहालयात कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स उजेड ठेवतात, म्हणजे आपल्या मानाने अंधारच. छानसा स्कॅन करून तो भिंतीवर लावा, मूळ कपाटात ठेवा. चौकोन पुसू नका. हे मुद्दाम सांगते, कारण लोक 'चित्र स्वच्छ करून' आणतात.

---

दर्यावर्दी | ६ मे, सकाळी ८.०५

मा. रंग नाही. ताई, तो किल्ल्यावर नक्की कुठे आहे? दरवाजाजवळ का?

---

उत्तरकसबा | ६ मे, सकाळी ८.३०

दोन बुरुजांच्या मधे एक काळी खाच आहे, तिच्या बाजूला.

---

दर्यावर्दी | ६ मे, सकाळी ८.४०

मग मारुती. सुवर्णदुर्गाच्या महादरवाजाशी तटात मारुती कोरलेला आहे आणि पायरीवर कासव. दरवाजा किनाऱ्याच्याच बाजूला आहे.

पण एक अडचण आहे. किनाऱ्यावरून मारुती दिसत नाही. नजर कितीही चांगली असो, दिसणं शक्य नाही. त्यासाठी होडीने किल्ल्यावरच जावं लागतं. मा. शाईच्या खाली आहे की वर?

---

उत्तरकसबा | ६ मे, सकाळी ११.१०

वर. भिंग लावून तीनदा बघितलं. म-चा काना खाचेच्या शाईवरून गेलाय आणि चमकतोय.

आजीला विचारलं, दादा होडीने किल्ल्यावर गेले होते का गं? ती हसायलाच लागली. म्हणाली, 'गेले असतील. पण हौसेने नसतील. मुंबईहून हर्णैला जाताना त्यांना बोट लागली होती, बंदरात उतरेपर्यंत पोटात काही राहिलं नव्हतं. घरी आल्यावर आईला म्हणाले, समुद्र काढायला बरा, बसायला नाही.'

---

शेंगाचटणी | ६ मे, सकाळी ११.२५

म्हणून आकाराने एवढंसं काढलं असणार. हात थरथरत होता मास्तरांचा.

---

धोटा | ६ मे, सकाळी ११.४०

गप्प बस बे. क्षितिज किल्ल्याच्या अलीकडे बघ, दोरी लावल्यासारखं सरळ आहे. पलीकडचं घसरलं ते माघाच्या वाऱ्याने.